घरट्यावरची छायाचित्रे छापू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात पाऊस स्थिरावला की आपल्यासह बहुतेक वर्तमानपत्रांत एक ठरलेले छायाचित्र येते. चोचीत सापसुरळी किंवा खेकडा धरून बसलेला तिबोटी खंड्या, खाली गावाचे आणि छायाचित्रकाराचे नाव. चित्र देखणे असतेच. पण भक्ष्य चोचीत धरून हा पक्षी एकाच फांदीवर बसून राहतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला बिळात शिरायचे असते आणि समोर माणसे उभी असल्यामुळे तो शिरत नसतो. घरट्यावर काढलेली अशी छायाचित्रे आपण छापू नयेत, या विनंतीसाठी हे पत्र.

तिबोटी खंड्या जेमतेम १३ सेंटिमीटरचा, चिमणीहूनही लहान. जूनच्या सुमारास तो कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलांत येतो. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्यासाठी कापलेल्या मातीच्या दरडीत नर-मादी मिळून आडवे बीळ कोरतात. अंडी साधारण चार-पाच. उबवणीला सुमारे अडीच आठवडे, त्यानंतर पिल्ले बाहेर पडेपर्यंत आणखी जवळपास तीन आठवडे. या सगळ्या काळात बिळाचे तोंड कुणाच्या नजरेस पडू न देणे हाच त्यांचा मुख्य बचाव. म्हणून शंका आली की पक्षी लांब थांबतो, डोके वरखाली करतो, बारीक चिरका आवाज काढत जागा बदलतो, पण आत जात नाही. हे दिसले की आपण फार जवळ आहोत असे समजावे, मग अंतर पन्नास फूट असो की शंभर. सुरक्षित अंतराचा ठोकळ आकडा कुणी सांगू नये, कारण ते पक्षीच ठरवतो. मागे सरकूनही दहा मिनिटांत तो बिळाकडे वळला नाही, तर जागा सोडावी. प्रत्यक्षात होते उलटे. एक गट निघाला की दुसरा येतो आणि प्रत्येकाला वाटते, आपण तर अर्धा तासच होतो. बिळातली पिल्ले मात्र त्या सगळ्या अर्ध्या तासांची मिळून उपाशी राहतात.

याशिवाय जागेची मोडतोड होते. ‘क्लीन शॉट’साठी बिळासमोरचे नेचे आणि गवत कापले जाते, पक्ष्याने हव्या त्या जागी बसावे म्हणून काठी रोवली जाते. आडोसा गेला की धामण, मुंगूस, घोरपड यांना बीळ सापडायला वेळ लागत नाही. दरडीच्या माथ्यावर लोक उभे राहिले, तर भिजलेली माती खचून बीळ बुजते. स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचे तर घरटेच उघड्या फांदीवरची छोटी वाटी. उजेड यावा म्हणून तिच्यावरची पाने बाजूला बांधली किंवा छाटली, की पिल्लांवर थेट ऊन-पाऊस येतो आणि टकाचोर, भारद्वाज, कावळे यांना वाटी दिसू लागते. छायाचित्रकार घरी जाऊन चित्रे निवडत बसतो, तोवर घरटे रिकामे झालेले असते. ते त्याला कधी कळतही नाही.

दुसरा प्रकार प्लेबॅकचा. मोबाइलला छोटा स्पीकर जोडून पक्ष्याचाच आवाज वाजवायचा. विणीच्या दिवसांत नराला तो हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. खाणे, भरवणे, राखण सोडून तो न सापडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे लागतो, आणि उघड्यावर येतो म्हणूनच तर लोक आवाज वाजवतात. नवरंग पक्ष्यासाठी याची काहीच गरज नाही. पावसाच्या तोंडावर तो पहाटे आणि तिन्हीसांजेला स्वतःहून शीळ घालतो. पायवाटेच्या कडेला पुरेसा वेळ शांत बसलात, तर पाचोळा उलथताना दिसतोही. पक्षी दाखवणाऱ्या वाटाड्यांना दोष देऊन भागणार नाही, त्यांचे पोट पर्यटकाच्या समाधानावर आहे. नोंदणी करतानाच ‘प्लेबॅक नको, घरटे दाखवू नका, पक्षी दिसला नाही तरी पैसे पूर्ण देऊ’ असे सांगितले, तर त्यांच्यावरचा दबाव पुष्कळ कमी होतो.

उन्हाळ्यातल्या माळरानाबद्दलही लिहायला हवे, कारण तिथले घरटे घरटे म्हणून ओळखूच येत नाही. टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालतात. मे महिन्यात टिटवी अंड्यांवर बसते ती अनेकदा उबवायला नव्हे, तर सावली धरायला. ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते. भर दुपारी आपण जवळ घुटमळत राहिलो आणि ती उठून ओरडत राहिली, तर अंडी उन्हात भाजून निघतात. टिटवी डोक्यावरून झेपा घेऊ लागली की अंडी शोधत बसू नये, पावलाखाली बघत आल्या वाटेने परतावे. गाडी तर कच्च्या रस्त्यावरून खाली उतरवूच नये.

ठिकाणाच्या नावाचेही तसेच. रान पिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि आजही संकटग्रस्त आहे. ते दिवसा वावरणारे आणि ठरावीक झाडांवर बसणारे. नेमकी जागा व्हॉट्सॲपवर गेली, की त्याला एकही सकाळ मोकळी मिळत नाही. घुबडे, रान पिंगळा आणि कोणत्याही पक्ष्याचे घरटे यांच्याबाबत फार तर जिल्ह्याचे नाव द्यावे. फोनने काढलेल्या चित्रात जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जाऊ शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवावे.

आपल्या वृत्तपत्राकडून आमची अपेक्षा अशी. घरटे, अंडी, न उडणारी पिल्ले किंवा पिल्लांसाठी घास घेऊन थांबलेला पक्षी असलेले चित्र स्वीकारू नये. अनेक छायाचित्र स्पर्धांनी घरट्यावरची चित्रे आधीच बाद केली आहेत. बाकीच्या चित्रांसाठी छायाचित्रकाराला विचारावे की प्लेबॅक वापरला होता का, खाऊ टाकला होता का, रात्री फ्लॅश मारला होता का. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा पोहोचवणे येते, हेही छापण्याआधी लक्षात घ्यावे.

‘पक्ष्याला जीवदान’ या मथळ्याखाली तळहातावर धरलेल्या पक्ष्याचे चित्र छापता, त्याऐवजी चार ओळी माहिती द्या. तिबोटी खंड्या आणि नवरंग रात्री स्थलांतर करतात आणि पावसाच्या सुरुवातीला इमारतींच्या काचांवर आदळून गॅलरीत पडलेले सापडतात. असा पक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कापड घालून, अंधारात व शांत ठेवावा. चोचीत पाणी किंवा अन्न घालू नये, पाणी श्वासनलिकेत जाऊन तो दगावतो. तास-दोन तासांनी सावध झाला, तर दिवसाउजेडी जवळच्या झाडीत खोके उघडावे. रात्र असेल तर सकाळपर्यंत थांबावे. पंख लोंबत असेल किंवा उभे राहता येत नसेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

आपले,
रायगड जिल्ह्यातील काही पक्षीनिरीक्षक