रायवळ तोडण्याआधी काडी घ्या

मा. संपादक,
स. न.

रस्त्यासाठी किंवा घरासाठी जुना रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला गावठी आंबा तोडताना ‘कोय लावली आहे, झाड पुन्हा होईल’ असं सांगितलं जातं. तसं होत नाही. कोकणातल्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच अंकुर असतो, आणि तो परागीकरणातून आलेला संकर असतो. खोबऱ्या नावाच्या रायवळाच्या कोयीतून खोबऱ्याच येईल याची खात्री नाही. इंग्लंडचं ब्रॅम्ली सफरचंद १८०९ मध्ये पेरलेल्या एका बीपासून आलं, पण आज ते टिकून आहे केवळ कलमांमुळे.

म्हणून तोडण्याआधी जुन्या झाडाची काडी, म्हणजे फांदीच्या शेंड्याची डहाळी, घेऊन तिचं कलम बांधावं. त्यासाठी मे महिन्यात फळं लागलेली असतानाच खोडावर रंगाची खूण करावी, कारण जुलैत नुसत्या पानांवरून झाड ओळखताना चूक होते. खुंटासाठी, म्हणजे ज्यावर काडी बसवायची त्या रोपासाठी, रायवळाच्या ताज्या कोयी जूनमध्ये रुजत घालाव्यात. महिनाभर सुकलेली कोय उगवत नाही. पानं तांबूस असतानाच, म्हणजे रोप १०-१५ दिवसांचं झाल्यावर, ते कोयीपासून ६-८ सेंमीवर छाटून ४ सेंमी उभी चीर द्यावी. काडी तीन-चार महिन्यांची आणि रोपाच्याच जाडीची हवी. ती कापण्यापूर्वी ८-१० दिवस, देठ ठेवून पानं छाटावीत, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. घाईत हेच राहून जातं, आणि मग काडी फुटण्याआधी सुकते. काडीचं टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवावं आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी; सांध्यात पावसाचं पाणी शिरलं की कलम कुजतं. कोय सडू नये म्हणून लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात कोय बुडवून घ्यावी.

खरी अडचण म्हाताऱ्या झाडांची. त्यांच्या फांद्या उंच आणि काड्या सुतळीसारख्या बारीक. तोडायला वर्षभर अवकाश असेल तर उन्हातली एक फांदी आधी छाटावी, नव्या फुटव्यावर जाड काड्या मिळतात. एका झाडाची दहा तरी कलमं बांधून ती दोन-तीन घरांच्या परड्यांत (परसांत) वाटावीत.

आणि नुसतं नाव पुरत नाही. एका वाडीतला शेंदऱ्या आंबा म्हणजे शेजारच्या वाडीतला शेंदऱ्या असेलच असं नाही. ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडं-प्राण्यांच्या नोंदीच्या वहीत) नावासोबत झाडाची जागा, पिकण्याचा पंधरवडा, गरातल्या रेषा, कोयीचा आकार आणि उपयोग लिहावा: सासवाला (मोहरी लावलेल्या आंब्याच्या कालवणाला), साटाला (आंबापोळीला) की लोणच्याला. पंचायतीने तोडीला हरकत नाही म्हणण्याआधी एवढंच विचारावं, काडी घेतली का?

– एक कलमकार, राजापूर