ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र: पैसे भरायला गेले होते, तरी वीज तोडली

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी कळव्यात राहते, घरी शिवणकाम करते. मंगळवारी दुपारी आमची वीज तोडली. बिलाची लेखी तक्रार दिलेली आहे, पोच माझ्याकडे आहे. "निकाल लागेपर्यंत तुमची लाइन कट होणार नाही," असे एका जबाबदार अधिकाऱ्याने समोर बसवून सांगितले होते. नोटीस आली नाही. माणसे आली, मीटर काढला आणि गेली.

काही महिने आमचे रीडिंगच घेतले नव्हते. दाराला कुलूप होते, असे बिलावर छापून यायचे. मी दिवसभर त्याच दाराशी मशीनवर बसलेली असते. मग एरवी दीड हजाराच्या आसपास येणारे बिल एकदम २३,८६० रुपये आले. सगळी युनिटे एकाच महिन्यात धरली की वरच्या स्लॅबचा दर लागतो, हे बिल बनवणाऱ्याला कळत नाही का?

वीज कायदा २००३, कलम ५६. वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ग्राहकाने निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. मी सरासरीचे पैसे आणि अर्ज घेऊन गेले होते. "सिस्टीम अर्धे पैसे घेत नाही," म्हणाले. संसदेने केलेला कायदा काउंटरवरच्या संगणकाला मान्य नाही, आणि त्या संगणकाला जाब विचारणारा आपल्या राज्यात कोणी नाही.

सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये होते, ते टाकून द्यावे लागले. ऐन लगीनसराईत हातात घेतलेली ब्लाउज परत करावी लागली. एका मुलीच्या हळदीची साडी-पोलके होते, तिची आई रडकुंडीला आली. शेजारीण वायर द्यायला तयार आहे, पण ती कशी घेऊ? मंजूर नसलेल्या घराला वीज दिली म्हणून कलम १२६ लावून दुप्पट दराने तिच्याकडून वसूल करतील. अंधारात बसायचे आणि शेजारधर्मही गुन्हा.

साहेब, विजेची चोरी आमच्या भागात होत होती, हे मी नाकारत नाही. तारा लोंबत होत्या, आकडे पडत होते. म्हणूनच २००७ मध्ये भिवंडीत आणि १ मार्च २०२० पासून मुंब्रा-शीळ-कळव्यात वितरण फ्रँचायझीकडे, म्हणजे महावितरणच्या वतीने वीज पुरवून बिल वसूल करणाऱ्या खासगी कंपनीकडे गेले. पण प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याला त्यातून काय मिळाले? कंपनी महावितरणकडून ठरलेल्या दराने वीज घेते, आमच्याकडून वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने वसूल करते, आणि मधला फरक तिचा. मग वसुलीला हजार हात आणि तक्रार ऐकायला एकही कान नाही, यात नवल ते काय! आम्ही ही कंपनी निवडली नाही. नको असेल तर दुसरीकडे जायची सोयही नाही.

कायद्याने फ्रँचायझीला वेगळा परवाना लागत नाही. परवाना महावितरणचा, म्हणून जबाबदारीही महावितरणची, असे कलम १४ सांगते. प्रत्यक्षात एका खिडकीवर "तिकडे विचारा" आणि दुसरीवर "इकडचा विषय नाही". नियामक आयोग कफ परेडला, वीजग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा विद्युत लोकपाल वांद्र्याला. हातावर पोट असलेल्या बाईने दिवसाची मजुरी बुडवून किती वेळा खाडी ओलांडायची?

औरंगाबादेत थकबाकीवरून २०१४ मध्ये फ्रँचायझीचा करार संपवला. पैसे महावितरणचे अडकले तर करार मोडता येतो. ग्राहकाचा हक्क तुडवला तर साधा दंड झाल्याचेही ऐकिवात नाही, हा कुठला न्याय? जानेवारी २०२३ मध्ये ठाणे-नवी मुंबईत महावितरणच्याच भागात खासगी कंपनीला वीज वितरणाचा समांतर परवाना देण्याविरुद्ध वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हा सरकार त्याच दिवशी चर्चेला बसले. त्यांची मागणी ऐकली याचा आनंदच आहे. पण ग्राहकाने संप कसा करायचा? आम्ही बिल थांबवले की आमचाच दिवा जातो. सत्तेवर कोणीही येवो, खासगीकरण करताना सगळे पुढे आणि जबाबदारी घेताना सगळे मागे. पाणी, रस्ता, दवाखाना, आता वीज. सरकार नक्की कशासाठी उरले आहे?

मला उपकार नकोत. आमचा मीटर आज जोडून द्या आणि सरासरीची रक्कम निषेधासह घेण्याचा लेखी आदेश प्रत्येक भरणा केंद्रावर लावा. फ्रँचायझी असलेल्या प्रत्येक भागात, तोडलेली वीज त्याच दिवशी जोडायचा अधिकार असलेला महावितरणचा अधिकारी बसवा. आणि कंपनीशी झालेला करार मराठीत, त्यातल्या दंडाच्या कलमांसह, आमच्या वॉर्डात लावा. कोणत्या चुकीला किती दंड ठरला आहे आणि आजवर किती वसूल केला, हे आम्हाला वाचू द्या.

पोच, बिले आणि सासूबाईंच्या औषधाची चिठ्ठी सोबत जोडली आहे. उत्तर लेखी हवे.

आपली,
एक वीजग्राहक, कळवा, ठाणे