साहेबांचं उत्तर मला पाठ होतं

लातूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

"साहेबांना सोडून टीव्हीत गेलास, डोकं ठिकाणावर आहे का?" हा तुझा मेसेज वाचून हसू आलं. कालपर्यंत नेत्याचा सल्लागार, आज चॅनेलचा बातमीदार! आईही हेच म्हणाली, वर पगाराचं विचारलं. पगार कमीच आहे, तो विषय सोड.

काम मात्र भारी आहे रे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा साहेबांचं पत्रक मी लिहिलं होतं. रेल्वेच्या दहा टाकी-वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, आणि आमची सगळी अक्कल श्रेय कुणाला जातंय यातच खर्ची! परवा पाण्याच्याच प्रश्नावर साहेबांपुढे बूम, म्हणजे चॅनेलचा माईक, धरून उभा होतो. नळाला पाणी रोज का येत नाही, असं विचारलं. ते म्हणाले, "योजना अंतिम टप्प्यात आहे." अरे, हे तर माझंच वाक्य! तारीख विचारली की एवढं म्हणून पुढे निघायचं, असं मीच पढवलेलं. म्हणून लगेच विचारलं, "कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करायचा हुकूम तरी निघाला का?" साहेब पीएकडे बघायला लागले. डेस्कनं बाकीचा बाईट कापला आणि तेवढंच चालवलं.

संध्याकाळी फोन आला, "घरचा माणूस म्हणून सांगतो..." पुढचं तुला ठाऊकच.

साहेबांचा राग निवेल. पण विरोधी गटवाले म्हणतात, हा त्यांचाच माणूस, सगळं ठरवून चाललंय. त्यांना तरी चूक कसं म्हणू? अमेरिकेत जॉर्ज स्टेफनॉपुलस हा अध्यक्ष बिल क्लिंटन यांचा सल्लागार. 1996 च्या अखेरीस व्हाइट हाउस सोडून एबीसी या टीव्ही वाहिनीत गेला, मोठा अँकर झाला. क्लिंटन फाउंडेशनला दिलेली 75,000 डॉलरची देणगी त्यानं प्रेक्षकांना सांगितली नव्हती, हे 2015 मध्ये बाहेर आलं आणि त्याला माफी मागावी लागली. जुनी ओळख लोक विसरत नाहीत, आणि का विसरावी? म्हणून संपादकांना म्हटलं, साहेबांची बातमी माझी असली की पडद्यावर माझ्या नावाच्या पट्टीत 'माजी सल्लागार' टाका. ते म्हणाले, "एवढं कोण वाचतं?" म्हटलं, विरोधी गट तर नक्की वाचतो. संपादक अजून अडूनच बसलेत.

बरं, एक काम कर. केजकडच्या तुझ्या ओळखीच्या ऊसतोड मुकादमाचा नंबर पाठव. दिवाळीनंतर तोडणीच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघतील, त्याआधी गाठायचं आहे. यंदा एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल (आगाऊ रक्कम) किती दिली, ते मुकादमाकडून आणि तोडणीवाल्या बायकांकडून वेगवेगळं ऐकायचंय. साहेबांचं नाव त्याला सांगू नकोस.

तुझाच