शनिवारचा वर्ग आणि शिबिराचे नमुने: सर्व पोस्टडॉक सदस्यांसाठी

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला नेहमीच्या खोलीत वर्ग आहे. विषय होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही (इन्सुलिन-रोध) याचा अंदाज देणारा आकडा. सूत्र १९८५ पासून तेच आहे: उपाशीपोटीचं ग्लुकोज गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५ (ग्लुकोज मिलिग्रॅममध्ये असेल तरच). आकडेमोड मोबाइलही करतो. नमुना कसा घेतला, हे त्याला कळत नाही, आणि आपलं घोडं तिथंच अडतं.

पैठणकडच्या मागच्या शिबिरात एक आजोबा ठामपणे म्हणाले, "उपाशीच हाय की." रक्त काढून झाल्यावर कळलं, दोन कप चहा अन् खारी झाली होती. चहा म्हणजे काय खाणं हाय का! तेव्हा "उपाशी आहात का?" असं विचारू नका. "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" असं विचारा.

दुसरं, राखाडी टोपणाच्या नळीवर फार भरवसा नको. तिच्यातलं फ्लोराइड रक्तपेशींना ग्लुकोज खाण्यापासून रोखतं, पण त्याचा असर पुरता चढायला तासाहून जास्त लागतो, तोवर पेशी ग्लुकोज खात राहतात. साध्या तापमानालाही तासाला ५ ते ७ टक्के घट; मग आपल्या मे महिन्यात जीपमध्ये काय होत असेल! बर्फाची पेटी सोबत हवीच. इन्सुलिनचा नमुना लालसर दिसला तर सरळ बाद करा, फुटलेल्या पेशींतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं.

येताना आपापल्या नोंदवह्या आणा. कोऱ्या चालणार नाहीत.

– समन्वयक