भिंतीला भोक पाडू देणाऱ्या जागामालकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपला खालचा गाळा आमच्या मेकरस्पेसला, म्हणजे सभासदांनी यंत्रे-हत्यारे सामाईक वापरण्याच्या कार्यशाळेला, दिल्याबद्दल आपले आभार तोंडी मानले होते. परंतु आपण ते हातानेच उडवून लावलेत, म्हणून हे जाहीर पत्र.

महागड्या शहरात परवडणारी जागा शोधताना "उपक्रम स्तुत्य आहे" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हालाही भेटले, फक्त करारावर सही करायची वेळ आली की त्यांना करवतीचा आवाज आठवत असे. एका सद्गृहस्थांनी धूळ खात पडलेली जागा 'तूर्त वापरा' म्हणून दिली, तिथली वायरिंग आणि गळके छत आम्ही वर्गणी काढून दुरुस्त केले, आणि जागेला नवी कळा येताच त्यांना तिचा बाजारभाव सुचला. हे पत्र त्यांच्या वाचनात आले तर बरेच होईल.

लेथ, म्हणजे धातू-लाकूड कातण्याचे यंत्र, हलवणे म्हणजे टेबल सरकवणे नव्हे. नव्या जागी जमीन त्याचे वजन पेलेल का ते पाहावे लागते, पातळी पुन्हा जुळवावी लागते, मोठ्या यंत्रांना थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते. सभासदांच्या वर्गणीतून भाडे जेमतेम निघत असताना प्रत्येक स्थलांतर साठवलेली शिल्लक गिळते, आणि काही सभासद नव्या पत्त्यावर फिरकतच नाहीत. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेली, अनेक शहरांत अशाच सामाईक कार्यशाळा चालवणारी टेकशॉप कंपनीसुद्धा २०१७ मध्ये एकाएकी बंद पडली; तिथे आमच्यासारख्यांची काय कथा! बर्लिनची सी-बेस ही अशीच संस्था मात्र १९९५ पासून टिकून आहे, हे आम्ही हुरूप खचला की एकमेकांना सांगत असू.

आपण गाळा दाखवायला आलात तेव्हा भाड्याचा आकडा सांगण्याआधी विचारलेत, "लेझरचा धूर कुठून काढणार?" उत्तर आमच्याजवळ होते, पण ते उच्चारण्याची हिंमत नव्हती. लेझर कटरवर प्लायवूड किंवा अ‍ॅक्रिलिक कापताना निघणारा धूर बाहेर सोडायचा तर भिंतीला भोक पाडावे लागते, आणि दुसऱ्याच्या भिंतीला भोक मागणारा भाडेकरू कोणाला हवा असतो? आपण पाइपाचे माप विचारलेत, खिशातली पेन्सिल काढून मागच्या भिंतीवर स्वतःच गोल काढलात, दोन पावले मागे सरून तो न्याहाळलात आणि म्हणालात, "इथे बीम नाही, इथेच पाडा."

कराराची लांब मुदत आणि भाड्यातली सवलत यांचे मोल आम्ही जाणतो. तरीही मनात घर करून राहिला तो पेन्सिलीचा गोल, कारण आजवर प्रत्येकाने आम्ही जाणार कधी हे विचारले होते. आम्ही राहणार हे गृहीत धरणारे आपण पहिलेच. दुसऱ्याची अडचण त्याने बोलून दाखवण्यापूर्वी ओळखणे हा चांगुलपणा देणग्यांच्या फलकांवर कधी लिहिला जात नाही, आणि अशी माणसे तो लिहून घेण्यासाठी थांबतही नाहीत.

जाता जाता एक कबुली: आपल्या मागच्या दरवाजाची बिजागरी आमच्या मुलांनी आपल्याला न विचारता उतरवून आणली आहे. ती पुरती गंजलेली असल्याने नवी घडवून येत्या रविवारी बसवून देऊ. त्याचे पैसे कृपया विचारू नयेत.

आपले कृतज्ञ,
खालच्या गाळ्यातले सर्वजण