मुक्ता, करंटवर आयनचं नाव लिहिलेलं नसतं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

उंदराच्या मोठ्या आतड्याचा तुकडा उस्सिंग चेंबरमध्ये (म्हणजे द्रावणाच्या दोन कप्प्यांमध्ये अस्तर ताणून धरणाऱ्या उपकरणात) बसवून औषधं तपासायचं काम तुझ्याकडे आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अस्तराच्या दोन बाजूंमधला व्होल्टेज बाहेरून करंट देऊन शून्यावर धरायचा. जेवढा करंट द्यावा लागतो, तेवढी अस्तराची आयन वाहण्याची मेहनत. उस्सिंग आणि झेरान यांनी १९५१ मध्ये बेडकाच्या कातडीवर हे किरणोत्सारी सोडियम मोजून पडताळलं होतं.

टिश्यूला हात लावण्याआधी चेंबरमध्ये नुसतं क्रेब्स (टिश्यू जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण) भरून इलेक्ट्रोडचा ऑफसेट शून्य कर आणि द्रावणाचा रेझिस्टन्स वजा कर. हे राहिलं तर चूक दिवसभर प्रत्येक आकड्यात बसते. आकडा सरकत राहिला तर आधी अगर ब्रिज, म्हणजे इलेक्ट्रोड आणि द्रावण जोडणारी अगरने भरलेली नळी, बघ. आत बुडबुडा असतो, नाहीतर टोक सुकलेलं असतं. क्रेब्समध्ये कॅल्शियम सगळ्यात शेवटी, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) सोडून पीएच ७.४ ला आल्यावरच घाल. नाहीतर द्रावण गढूळ होतं. तापमान ३७ अंश. ग्लुकोज १० मिलिमोलर सिरोझल (आतड्याच्या बाहेरच्या, रक्ताकडच्या) बाजूला, म्युकोझल (आतड्याच्या पोकळीकडच्या) बाजूला तेवढंच मॅनिटॉल.

तुकडा बसवताना चिमटा फक्त कडेला लाव. कड चेंगरली की तिथून गळती होते आणि रेझिस्टन्स पडतो. २ मिलिव्होल्टच्या पल्सला करंट ४० मायक्रोअँपिअरने बदलला तर रेझिस्टन्स ५० ओहम, छिद्र ०.५ चौरस सेंटिमीटरचं असेल तर गुणून २५ ओहम-चौरस सेंटिमीटर. भागायचं नाही, गुणायचं. करंट मात्र क्षेत्रफळाने भागायचा. इथे भले भले चुकतात. मग अर्धा तास थांब, रेषा सपाट होऊ दे.

आता खरी गोम. सोडियम आत शोषला गेला काय किंवा क्लोराइड बाहेर स्रवला काय, दोन्हींनी करंट एकाच दिशेला चढतो. म्हणून नव्या औषधाने रेषा चढली की लगेच 'क्लोराइड' लिहू नकोस. आधी म्युकोझल बाजूला अमिलोराइड १० मायक्रोमोलर घालून सोडियमचा वाटा बंद कर. नंतर औषध. शेवटी सिरोझल बाजूला ब्युमेटॅनाइड १०० मायक्रोमोलर. त्याने पेशीत क्लोराइड शिरण्याचा मुख्य मार्ग अडतो. चढलेली रेषा खाली आली तर क्लोराइडची बाजू भक्कम. ब्युमेटॅनाइड चुकून दुसऱ्या बाजूला पडलं तर फारसं काही दिसणार नाही, म्हणून चेंबरवर बाजूंची नावं लिहून ठेव. एक आणखी: तुकड्यात मज्जातंतूंचं जाळं जिवंत असतं, आणि औषध त्याच्यामार्फतही काम करतं. मज्जातंतूंचे संदेश बंद करणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिनने परिणाम गळाला तर दुवा मज्जातंतूंचा.

पाच मिलिलिटरच्या चेंबरमध्ये औषधाच्या हजारपट तीव्र स्टॉकचे ५ मायक्रोलिटर, म्हणजे डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवलंय ते द्रावक) ०.१ टक्का. शेजारच्या चेंबरला तेवढंच नुसतं डीएमएसओ दे, त्याच मिनिटाला.

औषधाने काहीच झालं नाही तर दोन्ही चेंबरमध्ये क्लोराइडचा स्राव सुरू करणारं फोरस्कोलिन १० मायक्रोमोलर घाल. दोन्ही चढले तर टिश्यू जिवंत होता, औषधानेच काही केलं नव्हतं. डीएमएसओवाला चढला आणि औषधवाला नाही, तर तो तुकडा मेलाय किंवा औषधानेच स्राव अडवलाय. अशा वेळी त्याच आतड्याचे आणखी दोन-तीन तुकडे बसव.

तुझी,
आई