‘म्हने’ खोडू न देणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

धुळे जिल्ह्यातल्या ओट्यांवरची आणि टपऱ्यांवरची अहिराणी बोलणी रेकॉर्डिंगवरून कागदावर उतरवायला तुम्ही मदत केलीत, त्याचे हे जाहीर आभार. ‘ऐकायचं नि लिहायचं, त्यात काय एवढं?’ असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून थोडं तपशिलात.

एका मिनिटाच्या गप्पांना तासभर सहज जातो. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घ्यायचा. पहिल्या फेरीत नुसते शब्द. दुसरीत थांबे, सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजून. तिसरीत दोघं एकदम कुठे बोलले ते चौकोनी कंसात. या खुणा संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी बसवल्या. ओढलेल्या स्वरापुढे जेफरसन दोन टिंबं देत. देवनागरीत त्याचा विसर्ग होऊन बसतो, म्हणून आपण तिथे आडवी रेघ घेतली. रेकॉर्डर टपरीच्या पत्र्याच्या टेबलावर ठेवला की प्रत्येक ग्लासाचा ठणका आत शिरतो. खाली रुमालाची घडी हवीच. आवाज ‘साफ’ करणारं सॉफ्टवेअर मात्र लावू नये. ते पंख्याच्या घरघरीबरोबर हळू आवाजातला ‘हं’सुद्धा खाऊन टाकतं, आणि आम्हाला तोच हवा असतो.

थांब्यांवर एवढा जीव का टाकायचा? 2009 मध्ये दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं. त्या दहांत मराठी नव्हती, अहिराणी तर दूरच. पण ओट्यावरही उत्तर रेंगाळलं की बहुतेकदा नकार किंवा शंका येत असते. ती रेंगाळ कागदावर नसेल, तर वाचणाऱ्याला सगळे माना डोलावतानाच दिसतात.

तुमचं खरं ऋण मात्र ‘म्हने’चं, म्हणजे ऐकीव गोष्टीला लागणाऱ्या ‘म्हणे’चं. शिकलेला माणूस अहिराणी उतरवायला बसला की हात आपोआप प्रमाण मराठीकडे वळतो. ‘टोळी उनी म्हने’चं ‘टोळी आली आहे’ होतं. वाक्य नीटनेटकं दिसतं आणि पुरावा जातो. बोलणाऱ्याने बातमीची जबाबदारी स्वतःवर घेतलेली नव्हती. आपण ती परस्पर त्याच्या गळ्यात घालतो. तुम्ही अशी प्रत्येक ओळ परत मागे नेऊन ऐकवलीत आणि ‘म्हने’ जागेवर ठेवायला लावलंत.

खान्देशात याचं वजन वेगळं सांगायला नको. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडची भिक्षा मागणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. ठीकच केलं, पण तोंडी पुढे जाणाऱ्या गोष्टीला मर्यादा कोण घालणार? समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्येच मांडलं होतं की गैरवर्तन कृतीत नसतं, इतरांनी नियम कुणाला लावला त्यात असतं. आपल्याकडे तर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का काही पुसला गेला नाही. अनोळखी माणूस ‘संशयित’ कसा होतो, हे म्हणूनच अशा उताऱ्यांत बघावं लागतं: कोण ‘म्हने’ लावतो, पुढचा तो गाळून कधी सांगतो, कुणी ‘पाहिलं कुणी?’ विचारलं तर त्यानंतर किती वेळ कुणीच बोलत नाही.

नावं बदलतानाही तुमचीच सूचना कामी आली. नुसतं ‘क्ष’ लिहिलं की हाक मारण्याचा ठेका मोडतो. तीन अक्षरी नावाला तीन अक्षरीच नाव, आणि मागचं ‘भो’ किंवा ‘आप्पा’ तसंच.

उतारे मोठ्या अक्षरांत छापून पाठवतोय. ओट्यावर वाचून दाखवा. कुणाला आपलं बोलणं नको वाटलं तर तुकड्याचा क्रमांक तेवढा कळवा. कागद आणि आवाज दोन्ही काढून टाकू. संमती आधी घेतली होती हे खरं, पण आपलं बोलणं छापलेलं बघितल्यावर माणसाचं मत बदलू शकतं.

आपले,
संभाषण-अभ्यास गटातले सगळे